घरचं माळवं : तीन वर्षांची वही आणि बोअरचं पाणी

लातूरची_मास्तरीण | १४ मे २०२४, रात्री ९:५०

अखितीला वेलांची आळी करायची म्हणून खुरपं हातात घेतलं आणि तसंच भिंतीला टेकवून ठेवलं. चार दिवस झाले, अजून तिथंच आहे. म्हटलं, आधी इथं विचारावं.

घर लातुरात, गावाच्या कडेला. मागे वीस बाय पंचवीस फुटांचं परस. बोअर आहे, पण मार्चनंतर धापा टाकतो. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी. शाळेतून निवृत्त झाले आणि ठरवलं की आता विकतचं माळवं आणायचं नाही. त्याला तीन वर्षं झाली. वहीतला हिशोब जसाच्या तसा लिहिते, हसू नका.

लाल माती एक ट्रॉली, शेणखत दोन वेळा, शेडनेट, ठिबकच्या नळ्या, रोपं, बी आणि "हे मारा, लगेच फरक पडतो" म्हणून गळ्यात मारलेल्या बाटल्या धरून १८,६०० रुपये.

हाती आलं ते असं. मेथी, पालक, कोथिंबीर भरपूर. शेजाऱ्यांनी दार लावून घ्यायची वेळ आणली. वांगी बऱ्यापैकी. टमाटे तीन वर्षांत ११ किलो. दुधी ४. वेलाला कळ्या ढिगानं लागतात, बोटाएवढ्या होतात आणि पिवळ्या पडून गळतात. कारली बाहेरून छान, चिरली की आत वळवळ. बाजारातल्या पपईचं बी टाकलं होतं, झाड डेरेदार झालं, लांब लांब दांड्यांना फुलं लोंबतात आणि फळ एक नाही. आठ वर्षांपूर्वी घर बांधलं तेव्हा फिरत्या गाडीवाल्याकडून घेतलेलं केसरचं कलम यंदा पहिल्यांदा फळलं. लिंबाएवढे आंबे, आंबट, दोऱ्याच दोऱ्या.

आणि आत्ता, टमाट्याची फुलं रोज सकाळी खाली सांडलेली. पाणी मी कमी पडू देत नाही, आरओ मशीनचं वाया जाणारं पाणीसुद्धा बादलीत धरून झाडांनाच घालते. तरी पानांच्या कडा करपायल्यात.

सोडून द्यावं का हे सगळं? खरं सांगा.

---

गच्चीवाला | १४ मे, रात्री १०:३२

सोडू नका ताई. टमाट्यात तुमची चूक नाही. दिवसा ३५ च्या वर आणि रात्रीही पंचविशीच्या आसपास पारा राहिला की टमाट्याचे परागकणच नीट होत नाहीत, फूल बसणार कुठून? आपल्याकडे तर ४१-४२ चाललंय. मी छत्रपती संभाजीनगरला गच्चीवर ४ वर्षं उन्हाळी टमाट्याच्या मागे डोकं फोडून घेतलं. आता ऑगस्टच्या शेवटी रोपं टाकतो, दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत खातो. मेमध्ये टमाटे विकत. लाज कसली?

---

नाना_परभणी | १५ मे, सकाळी ६:१५

मास्तरीणबाई, नमस्कार. कृषी खात्यात उभी नोकरी काढली, म्हणून थोडं लांबण लावतो.

पहिलं काम: ती आरओची बादली आजच बंद करा. मशीन तुम्हाला गोडं पाणी देतं म्हणजे क्षार जातात कुठे? त्या बादलीत. बोअरच्या पाण्यापेक्षा ते जास्त खारट असतं. फरशी पुसायला, संडासात टाकायला ठीक.

दुसरं, बोअरचं पाणी टीडीएस मीटरवर मोजा. मीटर दोन-तीनशे रुपयांत मिळतं. समजा १,३०० आलं. म्हणजे लिटरमागे १.३ ग्रॅम क्षार. रोज २० लिटर घातलं तर दिवसाला २६ ग्रॅम, शंभर दिवसांत अडीच किलोच्या वर. पाणी उडून जातं, मीठ तिथंच बसतं. आळ्याच्या कडेला पांढरी पापडी धरते ना? तीच ही. कडा करपायच्या त्यामुळे. तुम्ही "पाणी कमी पडलं" समजून आणखी तेच पाणी घालता.

पावसाळ्यात गच्चीचं पहिलं पाणी सोडून बाकीचं सगळं परसात वळवा. एक-दोन दमदार पावसात वरचे क्षार खाली धुऊन जातात. माती दबलेली असेल तर निचरा होत नाही, म्हणून शेणखत, पालापाचोळा मुरवा. नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसत असतील तर चुनखडीमुळे लोह मिळत नाही. फेरस सल्फेट लिटरला ५ ग्रॅम, त्यात थोडं लिंबू पिळून संध्याकाळी फवारा. आपल्याकडच्या जमिनीत ते नुसतं ओतलं तर चुनखडी लगेच बांधून टाकते, पैसे मातीत. द्यायचंच तर शेणखतात कालवून द्या.

तिसरं: उन्हाळ्यात जागा अर्धी करा. वीस बाय पंचवीस म्हणजे पाचशे चौरस फूट. ते मे महिन्यात ओलं ठेवायला लागणारं पाणी लातुरात आणणार कुठून? शंभर चौरस फूट धरा, वर सोयाबीनच्या भुसकटाचं चार बोटं आच्छादन घाला, बाकीचं उन्हात तापू द्या. उन्हात तापली की मातीतल्या किडी-कोषांचाही निकाल लागतो.

भेंडी मात्र लावा. आमच्या इथल्या विद्यापीठाची परभणी क्रांती. हळद्या रोगाला ती दाद देत नाही म्हणून नाव झालं. आता पूर्वीइतकी निर्धास्त राहिलेली नाही, पण सरळ वाण आहे, बी घरचं धरता येतं. दरवर्षी पाकीट घ्यायला नको.

---

पाच_एकर | १५ मे, सकाळी ११:०८

ताई राग मानू नका पण तुमची वही वाचून हसायला आलं. ११ किलो टमाट्याला वही! आम्ही मागं अर्धा एकर टमाटे लावलते. दोन रुपये किलोनं कुणी विचारीना, तोडणीची मजुरी बी अंगावर. शेवटी शेळ्या सोडल्या प्लॉटात. तुम्हा शहरातल्या लोकांना हे खेळणं हाय. फूल गळलं की तुमचा दिवस खराब जातो, आमचं वरीस जातं.

आन दुसरं, प्यायला पाणी नाही तिथं टमाट्याला ठिबक?

---

चिमणचारा | १५ मे, सकाळी ११:२०

दादा, जरा सबुरीनं. त्यांनी सल्ला विचारलाय, पुरस्कार नाही मागितला.

---

लातूरची_मास्तरीण | १५ मे, दुपारी ३:४५

नाही चिमणचारा, त्यांचं बरोबर आहे. पाण्याचं बोलले ते लागलं, कारण खरं आहे.

२०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी इथंच होते. सगळं गाव घागरी घेऊन टँकरच्या मागे. तेव्हा अंगणात तुळस आणि एक लिंबोणी. आंघोळ परातीत बसून करायची आणि ते पाणी लिंबोणीला, अशी आमच्या घरात रीत पडली. लिंबोणी जगली, अजून आहे. तेव्हा दोन झाडं जगवणारी मी आता पाचशे फुटांना पाणी पाजतेय आणि वर तक्रार करतेय, हे सकाळी नानांचं वाचताना जाणवलं.

मीटर मागवलं. १,४२०.

---

गोदाकाठची | १५ मे, संध्याकाळी ७:२२

ताई, दुधीचं मी सांगते. दुधीची फुलं कधी उमलतात बघितलंय? दिवेलागणीला. पांढरी असतात ती त्यासाठीच, रात्रीच्या पतंगांना दिसायला. दोडक्याचीही संध्याकाळचीच. आपण सकाळी भोपळ्याच्या, कारल्याच्या वेलावर मधमाश्या बघतो आणि दुधीलाही तेच लागू करतो. गावात दिव्यांचा उजेड, फवारण्या, पतंग राहिलेत कुठे? मग कळी बोटाएवढी होऊन गळते, कारण तिचं परागीभवनच झालेलं नसतं.

संध्याकाळी सात-साडेसातला जा. बारीक सरळ देठाचं ते नर फूल. ज्याच्या मागे इवलासा दुधी असतो ते मादी. नर तोडा, पाकळ्या मागे दुमडा, मादीच्या मध्यावर हलकेच फिरवा. माझी सासू याला "वेलाचं लग्न लावणं" म्हणते आणि दर वेळी नात्यातल्या एखाद्या न जमलेल्या लग्नाची आठवण काढते. माझे गेल्या पावसाळ्यात दोन वेलांना २३ दुधी लागले.

कारल्यातली अळी फळमाशीची. ती फळाच्या आत असते, वरून कितीही फवारा, तिला काय होणार? क्यू ल्यूरचा (माशीला ओढणाऱ्या वासाचा) सापळा लावा. आंबा-पेरूची माशी वेगळी, तिला मिथाइल युजेनॉल लागतं. दुकानदार एकाच्या जागी दुसरा खपवतात, वाचून घ्या. सापळ्यात फक्त नर सापडतात, म्हणून गळलेली, किडकी फळं वेलाखाली अजिबात पडू देऊ नका. आणि कारलं करंगळीएवढं असतानाच त्याला कागदाची पिशवी घाला. शेजारी हसतील. हसू द्या.

आणि एक, याची मस्करी नको: दुधीची फोड आधी जिभेला लावून बघायची. कडू लागली तर अख्खा दुधी फेकायचा. "औषधी असतो" म्हणून कडू रस पिऊन माणसं दवाखान्यात गेलीत, दगावलीतही.

---

बालाघाटी | १६ मे, सकाळी ८:०५

आंब्याचं कोडं सोपं आहे. वरचं केसर मेलं आणि खालच्या गावरान खुंटाचा फुटवा वाढला. कलमाला जोड असतो, त्याच्या खालून काही फुटलं की नखानं खुडायचं. पहिल्या वर्ष-दोन वर्षांत कुणी लक्ष दिलं नसणार. "काय जोमात वाढतंय!" म्हणून खूश झाला असाल.

पण तोडू नका. खुंट गावरान, आठ वर्षांचा, मुळं खोल गेलेली. पाऊस सुरू होऊन हवेत ओल आली की जाणत्याकडून पाचर कलम (खुंटाला खाच पाडून पाचरीसारखी काडी बसवतात ते) करून घ्या, खात्रीच्या केसरच्या काड्यांवरून. मराठवाडा केसरला भौगोलिक मानांकन आहे, पण गाडीवाल्याच्या पाटीवर काय, काहीही लिहितात.

जागा असेल तर सीताफळ लावा. आमच्या बालाघाटच्या डोंगरात कोण पाणी घालतं त्याला? शेळी तोंड लावत नाही, उन्हाळ्यात पानं टाकून मुकाट झोपतं, पाऊस पडला की उठतं. फुलं खूप आणि फळं कमी ही तक्रार असतेच, कारण त्याचं फूल आधी मादी असतं आणि नंतर नर होतं. पूर्ण उमललेल्या फुलाचे पराग कुंचल्यानं अर्धवट उघडलेल्या फुलात लावले तर फळ धरतं. मी रोज दहा-पंधरा फुलांना करतो. बायको म्हणते, एवढं लक्ष पोरांच्या अभ्यासात घातलं असतं तर.

पपई नर आहे. सरपणाला चालत नाही, सावलीला पुरत नाही. काढा. एका खड्ड्यात तीन रोपं लावायची, फुलं आली की नर उपटायचे, ही जुनी रीत.

---

कैरी_आणि_मीठ | १६ मे, सकाळी ९:४०

अवांतर: वानरांवर कुणाकडे काही आहे का? आमच्याकडे (हिंगोली) टोळी येते आणि पपई खात नाही, चावून टाकते. प्रत्येक फळाला एक चावा. साडी बांधली, फटाके झाले, प्लॅस्टिकचा वाघ बसवला. तिसऱ्या दिवशी एक वाघाच्या डोक्यावर बसलेलं.

---

गच्चीवाला | १६ मे, सकाळी ९:५२

वाघाचा फोटो टाका 😄

---

पाच_एकर | १६ मे, रात्री ९:१५

ताई काल जरा जास्तच बोललो. दिवसभर डोक्यात होतं.

खरं सांगू का, आमच्या घरी बी माळवं विकतच येतं. पाच एकराचा मालक, आन बुधवारच्या बाजारातून पिशवी घेऊन यायलाव. माझी आई व्हती तवर ज्वारीत, तुरीत दोन-चार सऱ्या तिच्या असायच्या. भेंडी, गवार, अंबाडी, चवळी, बांधाला दोडका, वाळूक. पेरणीच्या दिवशी ओट्यात बी घेऊन मागं मागं टाकत जायची. कुणी पाणी घातलं नाही कुणी फवारलं नाही. आता सगळं सोयाबीन. तणनाशक मारलं की घोळ, तांदुळजा, पाथरी सगळं साफ. जे फुकट उगवायचं ते मारायला आपण पैसे देतोय.

बायको मला तुमच्या वहीचं वाचून दाखव म्हनली. वाचलं. ती म्हनली, त्या बाईला निदान ११ किलो तरी आले.

---

लातूरची_मास्तरीण | १७ मे, सकाळी ७:००

वहिनींना नमस्कार सांगा. आणि यंदा दोन सऱ्या त्यांच्या नावानं सोडाच.

---

लातूरची_मास्तरीण | २३ जून, दुपारी १:३०

थोडं काय काय झालं ते लिहिते. पपई काढली. आरओचं पाणी बंद. मे संपेपर्यंत फक्त शंभर फूट ओलं ठेवलं, त्यात कुंभाराकडून आणलेली चार कोरी मडकी गळ्यापर्यंत पुरली, वर झाकण. रोज पाण्याऐवजी तीन दिवसांनी मडकी भरायची. वांग्याला चांगलं मानवलं. बोअरच्या पाण्यानं महिन्याभरात मडक्यांची छिद्रं क्षारांनी बुजतात मात्र. पाझर कमी झालाय. आता गच्चीच्या पाण्यावर आहेत.

मृगात पाऊस बरा झाला. भेंडी, गवार, अंबाडी, चवळी, दोन दुधी, एक दोडका. टमाट्याचं बी डब्यात कुलूपबंद, नातीनं वर "ऑगस्ट" लिहून ठेवलंय.

---

नाना_परभणी | २३ जून, रात्री ८:४०

शाबास. मडकी आठवड्याभर उन्हात वाळवून खरवडा, थोडी चालतील. निंबोळ्या पडायल्यात, आत्ताच गोळा करून सावलीत वाळवा. लागेल तेव्हा ५० ग्रॅम कुटून लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी फडक्यानं गाळून चिमूटभर साबणचुरा घालून संध्याकाळी फवारा. मावा, पांढरी माशी सुरुवातीलाच आवरते. पांढरी माशी आवरली तर मिरची-टमाट्याचा चुरडा-मुरडा आवरतो. एकदा पानं वळली की त्या झाडाला औषध नाही, उपटून लांब टाकायचं. इथं माया करायची नाही.

---

लातूरची_मास्तरीण | १९ ऑगस्ट, रात्री ८:५८

लग्नं लागली!! रोज संध्याकाळी सव्वासातला. १७ दुधी. नात वऱ्हाडी म्हणून उभी असते, परवा तिनं तांदूळ टाकले.

---

गोदाकाठची | १९ ऑगस्ट, रात्री ९:०४

सासूबाईंना वाचून दाखवलं. विचारतायत, मुलीकडचे कोण?

---

कैरी_आणि_मीठ | ४ सप्टेंबर, सकाळी १०:१०

आमचं सगळं गेलं. १ आणि २ तारखेला जो पाऊस झाला त्यात परस दोन दिवस गुडघाभर पाण्यात. वानरांनी ठेवलेली पपईची सहा झाडं चोवीस तासांत माना टाकून बसली, मिरच्या जागेवर वाळल्या. आमचं निदान परस होतं. पलीकडे लोकांची हळद, सोयाबीन, कपाशी पाण्याखाली आहे. इथं पपईचं लिहायला लाज वाटतेय, पण कुठे लिहू?

---

पाच_एकर | ४ सप्टेंबर, रात्री १०:०२

लिहा की. पपई पपईच असती. मुळाशी पाणी थांबलं की ती जगत नाही, पुढच्या बारीला वरंब्यावर लावा. आमचं दोन एकर पिवळं पडलंय. बायकोच्या सऱ्या उताराच्या वरच्या अंगाला व्हत्या, त्या तेवढ्या वाचल्या. गवार रोज किलोभर.

---

लातूरची_मास्तरीण | १० नोव्हेंबर, दुपारी ४:२५

टमाट्याला फळं धरली. मोजत नाही आहे (मोजतेय. ४१). दोन झाडं चुरडा-मुरड्यानं गेली, नाना म्हणाले तसं माया न करता उपटली. एका झाडाच्या टमाट्यांना खालून काळा डाग पडायलाय. रोग आहे का?

---

नाना_परभणी | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३०

रोग नाही. पाण्याचा ताण आणि मग एकदम भरपूर, असं झालं की फळाच्या बुडापर्यंत कॅल्शियम पोचत नाही. चुनखडीच्या जमिनीत कॅल्शियमला तोटा नाही, विकत आणू नका. पाणी थोडं आणि नियमित. लग्नाला वगैरे गावाला गेला होता का चार दिवस?

---

लातूरची_मास्तरीण | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:३४

दिवाळीला लेकीकडे. पाच दिवस. कसं ओळखलंत!

---

पाच_एकर | १० नोव्हेंबर, रात्री ९:५०

सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ जाहीर, आमच्या हातात चार हजाराच्या आसपास. ओलावा जास्त म्हणत्यात. बायको म्हनती, माझ्या चार सऱ्यांत ओलावा कुणी मोजला नाही.

---

लातूरची_मास्तरीण | १ जानेवारी २०२५, सकाळी ११:१५

परवा येळवस (वेळ अमावस्या, शेतात जेवायला जायचा आपला सण) झाली. पुतण्याच्या शेतात गेलो होतो, खोप, पांडव, आंबील, उंडे सगळं. भज्जीला तुरीच्या, वालाच्या शेंगा शेतातल्या. पण मेथी, पालक, चुका, शेपू, कोथिंबीर आणि वांगी माझ्या परसातली. कोथिंबीर आपल्या जिल्ह्यातल्या कास्ती गावची. तिला यंदा भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा तिकडून मुद्दाम बी आणवलं होतं. हातात घेतली की वास कोपरापर्यंत येतो. जाऊबाई म्हणाल्या, भज्जीला चव आली. आंबीलही मीच ढवळलं होतं, त्याचं नाव कुणी काढलं नाही.

वही: यंदाचा खर्च २,१५० (मडकी आणि सापळे धरून). टमाटे आजपर्यंत १९ किलो. कारली अजूनही निम्मी किडकी. केसरच्या पाचर कलमाच्या चार काड्यांतली एक जगलीय, बाकी झाड अजून आंबटच.

---

बालाघाटी | १ जानेवारी, दुपारी १२:४०

एक पुरे. तिच्यावरूनच पुढच्या पावसात बाकीच्या फांद्यांना काड्या घ्या. जोडाखालचे फुटवे खुडताय ना?

---

पाच_एकर | १ जानेवारी, रात्री ८:२०

ताई, आईच्या गाडग्यात वाळकाचं बी सापडलं. राखेत घोळून ठेवलेलं, कवाचं हाय कुणाला ठाव. बायकोनं दहा बिया ओल्या फडक्यात बांधून उबीला ठेवल्यात. त्यातलं एक जरी मोडावलं तर निम्मं बी तुम्हाला. पत्ता विपूत (विचारपुशीत) टाका.

---

लातूरची_मास्तरीण | १ जानेवारी, रात्री ८:२६

टाकला. कुरिअर नको, लातूरला कधी आलात तर दोघं घरी या. १७ वा दुधी बियाण्याला वेलावरच वाळवला होता, तो वहिनींसाठी ठेवते.

---

पाच_एकर | ६ जानेवारी, सकाळी ७:४८

दहातली तीन मोडावली.